मानेवरची माता

आमच्या ह्यांच्या मानेवर फोड आले आणि मी दाराला कडुलिंब बांधला, असं माझ्या आयुष्यात दोनदा झालं. पहिल्यांदा मी नवी नवरी होते आणि मला अक्कल नव्हती. दुसऱ्यांदा, म्हणजे आत्ता गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, ती होती असं घरातले मानतात. पण दाराला लटकलेला पाला बघून सूनबाईचा चेहरा जसा झाला, त्यावरून तिचं मत बदललं असावं.

आधी आत्ताचं सांगते. हे शिवणकामातले कटिंग मास्तर. गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानात आयुष्यभर उभं राहून शर्टा-कोटांचं कापड बेतलं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. मी चहात साखर चोरून टाकली तरी समजतं. पण शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथंच बसतो. डावा हात चालतो, अर्धं हसू चालतं, आणि डोळे तर पहिल्यापेक्षा जास्त चालतात.

सगळं गेलं तरी दाढीचा हट्ट काही गेला नाही. त्यांचं म्हणणं असायचं, माप घ्यायला गिऱ्हाइकाच्या इतकं जवळ जावं लागतं की आपला श्वास त्याच्या कॉलरीला लागतो; तिथं वाढलेले खुंट घेऊन उभं राहणं म्हणजे उष्टं ताट पुढं करणं. म्हणून रोज दाढी. दुकान बंद असलं तरी दाढी. आजारपणानंतर एक न्हावी घरी बोलावला, तर ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मुलगा पुढं झाला, त्यालाही भिंतच दिसली. मग मी टॉवेल हातात घेतला तशी हनुवटी आपोआप वर झाली. मला इतका अभिमान वाटला की, काय सांगू, त्या भरात पहिल्याच दिवशी कानाखाली कापलं.

पुढं मी तरबेज झाले, असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी भांडी घासते तशी दाढी करायचे. एकदा सुलट, एकदा उलट, मग बोटानं चाचपून जिथं खरखर लागेल तिथं पुन्हा उलट. गळ्याची कातडी सैल झालेली, ती अंगठ्यानं ताणून धरायची. रेझर मोरीतल्या मगात उभा असायचा. धार असेपर्यंत तोच आणि धार गेल्यावरही तोच. गाल असा गुळगुळीत व्हायचा की माशी बसली तर घसरावी.

आणि मग जबड्याच्या खाली, गळ्याच्या दोन्ही अंगांना, मोहरीएवढे लाल फोड उठले. मी तुरटी फिरवली, हे कळवळले. हळद लावली, उशी पिवळी झाली, फोड लालच राहिले. दोन-चार फोडांना पांढरं तोंड आलं. ह्यांना साखरेचा आजार, त्यामुळं मुलानं शेंद्र्याच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी काढली आणि आम्हाला गारखेड्यातच, घराजवळच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तिनं विचारलं, ताप होता का, पोटावर पाठीवर काही आहे का, पाण्यानं भरलेले फोड दिसले का. सगळ्याला नाही. मग तिनं एक छोटं यंत्र मानेला लावलं आणि पडद्यावर मला दाखवलं.

"आजी, हा काळा दोरा दिसतो का फोडाच्या मधोमध? हा केस आहे. ह्यांचे केस कुरळे. अगदी मुळापासून कापला की टोक अणकुचीदार होतं, आणि तो वर येताना वाकून परत कातडीत शिरतो. शरीराला वाटतं काटा रुतला. म्हणून हा फोड."

"म्हणजे उंबऱ्यापर्यंत जाऊन परत घरात येणाऱ्या पाहुण्यासारखा," मी म्हणाले.

"तसंच समजा. जिथं रेझर फिरतो तिथंच आहेत ना सगळे? हीच ह्याची ओळख. दाढी कोण करतं?"

मी पडद्याकडं बघत राहिले. मुलगा खोकला. ह्यांनी डावा हात उचलून शांतपणे माझ्याकडं बोट केलं.

तिनं रागवायचं टाळलं, एवढी ती भली. म्हणाली, महिनाभर तरी दाढी पूर्ण बंद. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं दिवसातून दोन-तीनदा लावायचं, मग मलम अगदी पातळ. फोड दाबायचा नाही, सुईनं केस उकरायचा नाही. "आणि ह्यांना साखर आहे. एखादा फोड मोठा झाला, दुखायला लागला, पू वाहिला किंवा ताप आला, तर वाट बघू नका, लगेच आणा. मानेत गळू झालं तर अवघड जाईल."

दाढी बंद, हे ऐकल्याबरोबर ह्यांनी खुर्चीच्या हातावर एक थाप मारली. डॉक्टरीणबाईला वाटलं, बरं आहे म्हणतात. मला थापेची भाषा येते.

दुसऱ्या दिवशी दाढीच्या वेळेला हे स्वतःच डाव्या हातानं टॉवेल गळ्याभोवती घेऊन खिडकीशी बसले. मी कोमट फडकं घेऊन गेले. त्यांनी फडकं बाजूला केलं आणि रेझरच्या मगाकडं बघितलं. मी नाही म्हणाले. त्यांनी नाश्त्याची ताटली सरकवली. दुपारी जेवण सरकवलं. रात्री दोन घास, तेही औषधाच्या गोळ्यांसाठी. त्यापुढचा दिवस तसाच. साखरेच्या गोळ्या पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर उतरून माणूस कसा बेशुद्ध होतो ते आमच्या घरानं एकदा बघितलेलं आहे.

मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक्टर सांगतात ते ऐका की." हे भिंतीकडं.

सूनबाई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, करून टाका दाढी. जेवतील तरी."

"आणि मान पिकली म्हणजे?"

तिनं कणीक मळायला घेतली. दाढी केली तर मान पिकणार, नाही केली तर माणूस जेवत नाही. मी दोघांच्या मधे फडकं घेऊन उभी. आणि त्या दिवशी, पोळ्या लाटता लाटता, मला ती जुनी माता आठवली.

लग्न होऊन आले तेव्हा आम्ही गुलमंडीच्या मागच्या बोळात दोन खोल्यांत राहायचो. सासू-सासरे, दोन धाकटे दीर आणि आम्ही. बाया आतल्या खोलीत झोपायच्या, पुरुष बाहेर. माझं लग्न झालेलं होतं, पण नवरा तुकड्या-तुकड्यांनी दिसायचा. ताट वाढताना हात. चपला घालताना पाय. पूर्ण माणूस एकदम काही बघितला नव्हता. बोलणं तर "पाणी" आणि "आणते" एवढंच. आणि मी अशी शहाणी की डोक्यावरचा पदर सावरण्यातच माझा दिवस जायचा. समोर कोण आहे ते बघायला डोळा मोकळा नसायचा.

त्यातच सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला पडेगावला गेल्या. एका सकाळी हे वाड्याच्या चौकात तोंड धुवायला वाकले आणि मला मान दिसली. हा नवाच तुकडा होता. आणि त्यावर लाल-लाल फोड. मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि सासऱ्यांना वर्दी दिली, "मामंजी, ह्यांना माता आल्या."

कांजिण्यांना आमच्या माहेरी माता म्हणायचे. माझ्या भावाला आल्या होत्या तेव्हा लिंबाच्या डहाळ्या आणायचं काम माझ्याकडं होतं. तेवढ्या अनुभवावर मी वैद्य झालेली.

सासरे पुढं आले. "व्हय रं? ताप हाय का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग जमिनीकडं बघितलं. मग म्हणाले, "हाय थोडा."

कपाळाला हात लावून बघायचा माझा अधिकार होता. पण दिवसाढवळ्या, सासऱ्यांदेखत नवऱ्याच्या कपाळाला हात? त्यापेक्षा माता परवडली.

मग काय, मी राज्य हातात घेतलं. दाराला लिंब बांधला, अंथरुणाखाली लिंब पसरला. घरात फोडणी बंद, कारण तडतड मातेला चालत नाही. बाहेरच्यानं आत यायचं नाही. आणि दाढी बंद, केस कापणं बंद; मातेच्या दिवसांत अंगाला लोखंड लावायचं नाही. सासूबाईंना निरोप गेला, पण त्यांना येता येईना. मातेच्या घरात पाय ठेवला तर परत बाळंतिणीपाशी जाता येत नाही. सासरे आणि दीर बाहेरच्याच खोलीत राहिले. आजारी माणसाचं एकाच बाईनं करायचं असतं. ती बाई मी.

अशी मला आतली खोली मिळाली आणि तिच्यात एक अख्खा नवरा.

मातेच्या घरात नवरा-बायकोनं अंतर ठेवायचं असतं, ते मी इतकं ठेवलं की उंबऱ्यावर बसून लांब डहाळीनं वारा घालायची. डहाळी त्यांच्या नाकात जायची. पण गप्पा मारू नका असं कुठली माता सांगत नाही. हे बोलायला लागले. खालच्या आवाजात, थांबून थांबून, आणि मधेच म्हणायचे, "ऐक की." मी ऐकतच असायची, तरी म्हणायचे. मला आयुष्यात तोवर कुणी "ऐक" म्हणालं होतं ते फक्त रागवायला. हे म्हणायचे ते काहीतरी हातात ठेवायला बोलावल्यासारखं.

मी सांगितलं की मला शहागंजातल्या मनोऱ्यावरचं घड्याळ जवळून बघायचंय, आत माणूस बसून काटे फिरवतो का ते. आज आठवलं तरी मला माझीच कीव येते. पण हे हसले नाहीत. म्हणाले, "बघून येऊ. असला तर त्याला डबा पण देऊ."

एकदा उशीखालून मखमलीचा एक तुकडा काढला. दुकानातलं उरलेलं कापड. तो उंबऱ्यावर माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "हात फिरव. असा. आता उलटा फिरव." उलटा फिरवला तर कापड काळपट झालं, बोटांना खरखरीत लागलं. "मखमलीला लव असती. बेतताना सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवायचे. उलटा हात तिला सोसत नाय." बोलता बोलता त्यांचा हात कापडावरून माझ्या बोटांवर आला आणि मी डहाळी घेऊन अशी पळाले की बाहेर दिरांच्या पानात लिंबाचा पाला पडला.

दीर वैतागले होते. "वहिनी, माता कवा जाणार? बिनफोडणीचं वरण खाऊन जीभ मेली आमची."

मी वाटून दिलेला लिंब हे मानेला लावत होते, दाढी वाढत होती, आणि फोड बसत चालले. मला वाटलं माता माझ्यावर प्रसन्न झाल्या. त्यांनी सावकाश जावं, असंही मी देवापुढं म्हणून बघितलं. देव ऐकणाऱ्यांपैकी नव्हता. मान स्वच्छ झाली, माता उतरल्याच्या अंघोळीचा दिवस ठरला, आणि तिकडं बाळ-बाळंतीण निवांत झाल्यानं सासूबाई येऊन थडकल्या.

चौकात लिंबाच्या पाण्याची बादली, पाटावर हे उघड्या अंगानं, आणि मी दाराआड. सासूबाईंनी दोन तांबे ओतले आणि थांबल्या. मान इकडून बघितली, तिकडून बघितली.

"कोण म्हणालं गं माता?"

"मी," दाराआडून.

"अगं, ह्याला तर लहानपणीच येऊन गेल्यात. ही बघ पाठ, वण हायत की सगळीकडं. नवऱ्याची पाठ नाय बघितली व्हय गं अजून?"

वरच्या खिडकीतून घरमालकीण डोकावल्या; त्यांना आम्ही सगळे खाला, म्हणजे मावशी म्हणायचो. "क्या हुआ गे?" सासूबाईंनी सांगितलं. खालांनी वाकून बघितलं आणि खिडकीच्या गजावर कपाळ टेकून हसायला लागल्या. "अगे दुल्हन, ये तो उस्तरे के दाने हैं. दाढी रखा, चले गये."

सासूबाईंनी मग ह्यांना धरलं. "आन् तू रं? तुला ठावं नव्हतं?"

"मला वाटलं दुसऱ्यांदा पण येतात," हे म्हणाले. तोंडावरून पाणी ओघळत होतं, त्यामुळं हसत होते का ते कळलं नाही.

आणि मी विश्वास ठेवला. बोळातली शेंबडी पोरंसुद्धा मला बघून "माता आली, माता आली" करायची, तरी मला वाटायचं, बिचाऱ्या ह्यांची पण फसगतच झाली. मुलाला कांजिण्या आल्या तेव्हा कुठं, इतक्या वर्षांनी, डोक्यात उजेड पडला. ताप नसताना "हाय थोडा" कोण म्हणतं? मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

हे कापडावर खडूनं रेघ ओढत होते. म्हणाले, "थांब, बेत चुकंल."

नंतर पुन्हा कधीतरी विचारलं, तर म्हणाले, "सांगीन." हा आमचा खेळच झाला. लग्नाला निघताना, भाजी निवडताना, मुलाच्या वरातीत बँड वाजत असताना कानाशी तोंड नेऊन, मी विचारायची आणि हे "सांगीन" म्हणायचे. मला काही घाई नव्हती. उत्तर घरातच होतं, बरणीतल्या लोणच्यासारखं, कधीही काढून खावं. मग पक्षाघात झाला, आणि बरणीचं झाकण आतूनच बसलं.

समोर माणूस बसलेला असतो. त्याच्या गळ्यातला टॉवेल आपण नीट करतो. आणि आठवण त्याचीच येते. सूनबाई म्हणते, आई, टीव्ही लावू का, करमेल. मी म्हणते, लाव. टीव्हीत सगळे बोलतात, पण "ऐक की" कुणी म्हणत नाही.

तर त्या दिवशी पोळ्या तशाच टाकून मी काठी घेतली आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या लिंबाखाली गेले. दोन डहाळ्या ओढल्या. दोरी सापडेना, म्हणून परकराच्या नाडीनं दाराला बांधल्या.

सूनबाई बाहेर आली. "आई, हे काय?"

"माता आल्यात."

"कुणाला?"

"तुझ्या सासऱ्यांना. आज फोडणी करू नको. वरण नुसतंच."

"आई, डॉक्टर म्हणाल्या केस—"

"डॉक्टर म्हणाल्या ते मलम मी लावणारच आहे. तू वरणाचं बघ."

एक डहाळी घेऊन मी आत गेले. हे खिडकीशी, टॉवेल गळ्यात, तोंड मगाकडं. मी उंबऱ्यावर बसले. गुडघे दोन्ही बोलले, पण बसले. लांबूनच डहाळीनं वारा घातला. पहिल्या फटक्यात पाला त्यांच्या नाकाला लागला.

त्यांनी मान वळवली. डहाळीकडं बघितलं. मग माझ्यामागं, दाराला टांगलेल्या पाल्याकडं, बराच वेळ.

"मास्तर," मी म्हणाले, "माता आल्यात. दाढी चालायची नाही. फोडणी पण बंद केलीय. आणि ताप किती हाय म्हणता? थोडा?"

ह्यांचे डोळे भरले की काय मला नीट दिसलं नाही, माझा चष्मा ओट्यावर राहिला होता. पण डावा हात उठला. त्यांनी गळ्यातला टॉवेल काढून मांडीवर टाकला. मग तोच हात मागं नेला आणि बनियन मुठीत धरून वर ओढायला लागले. ते काही लवकर वर येईना. मला वाटलं खाज सुटली. मी उठून जवळ गेले, तर त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग वळवून पाठ माझ्याकडं केली आणि एका बोटानं मागं दाखवलं. तिथं, खांद्याच्या खाली, ते जुने वण. लहानपणीचे. वाटाण्याएवढे फिकट खड्डे.

मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. अर्धं तोंड हसत होतं.

मी बनियन खाली ओढलं, नीट केलं. "मी काही बघितलं नाही," म्हणाले. "मला माता वाटल्या."

त्या दुपारी त्यांनी बिनफोडणीचा वरण-भात सगळा खाल्ला.

दाढी पांढरी आली. ह्यांना दाढीत मी त्या एकदाच बघितलं होतं, तेव्हा ती काळी होती. मी कोमट फडकं लावते, मलम लावते आणि उंबऱ्यावर बसून बोलते. दोघांचंही मीच बोलते. त्यांच्या वाटणीचं "ऐक की" मी म्हणून बघितलं. नाही जमत, माझ्या तोंडून ते दटावल्यासारखं येतं. फोड सुकले, वाकलेले केस आपोआप मोकळे झाले, साखरही आवाक्यात राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता मशीननं करा, अगदी गुळगुळीत करू नका, थोडे खुंट राहू द्या, कातडी ताणू नका, केसांच्या दिशेनंच. मी म्हणाले, मखमलीसारखं. ती म्हणाली, हो, तसंच. मशीन लावायच्या आधी मी बोटानं लव बघून घेते. गळ्यावर ती एका बाजूला खाली जाते, दुसऱ्या बाजूला कानाकडं. इतक्या वर्षांत हे मला आत्ता कळलं.

दाराचा पाला वाळून तपकिरी झालाय. सूनबाईनं परवा झाडू हातात घेऊन विचारलं, "आई, हा काढू का आता? माता गेल्या ना?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते, पण डाव्या हातानं बनियनचं टोक चाचपत होते.

"राहू दे," मी म्हणाले. "ताप हाय अजून थोडा."